नर्सिंगला जायचंय? मग अकरावीतच भेटा



बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात आमच्या स्टाफरूमच्या दारात दोन-चार पालक हमखास उभे असतात. हातात मार्कलिस्टची झेरॉक्स आणि सोबत मान खाली घातलेली मुलगी. "मॅडम, नीटचं काय जमलं नाही हिचं. आता नर्सिंगला तरी टाकावं म्हणतोय. फॉर्म कुठं मिळतो?"

या वाक्यातला तो 'तरी' मला दरवर्षी टोचतो. पण तो बाजूला ठेवला तरी खरी अडचण अशी की ज्या फॉर्मबद्दल ते विचारत असतात, त्याची मुदत तोवर संपलेली असते.

म्हणून हा लेख. मी कुंडलमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पलूस, कुंडल, किर्लोस्करवाडी, दह्यारी, बांबवडे या पट्ट्यातल्या मुली आमच्याकडे येतात. त्यातल्या दरवर्षी आठ-दहा जणींना नर्सिंगला जायचं असतं. हुशारीत कमी पडून प्रवेश हुकलेल्या मुली मी फार थोड्या पाहिल्या. तारखेमुळे आणि कागदामुळे हुकलेल्या मात्र बऱ्याच. आणि त्यातल्या एकीच्या बाबतीत दोष माझा होता, तेही पुढे सांगते.

आधी शिडी समजून घेऊ

नर्सिंग म्हणजे एकच कोर्स असं अनेकांना वाटतं. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. या दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी. तिला बारावी सायन्सच हवं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. त्यापुढे दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग.

जीएनएम आणि बी.एस्सी. यांत काय फरक, पगार तर सारखाच दिसतो, असं पालक विचारतात. एक उदाहरण पुरेसं आहे. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी 'नॉरसेट' नावाची परीक्षा असते. तिला बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी झाली की थेट बसू शकते. जीएनएम झालेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. दार दोघींना उघडं आहे, पण एकीला दोन वर्षं उशिरा.

बी.एस्सी.ची पात्रता ऐकून मात्र अनेकांना आश्चर्य वाटतं. पीसीबी मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण. बस. "हिला ६२ टक्केच पडलेत, हिला कोण घेणार" असं म्हणून गप्प बसलेले पालक मी पाहिलेत. बारावीच्या टक्क्यांनी फक्त दार उघडतं. आत कोण कुठल्या नंबरवर बसणार हे सीईटी ठरवते.

सीईटी म्हणजे राज्य सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगसाठीची स्वतंत्र परीक्षा. डॉक्टरकीची नीट वेगळी, इंजिनिअरिंग-फार्मसीची एमएचटी-सीईटी वेगळी आणि ही वेगळी. एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे नर्सिंगचाही भरला, असं समजून बसलेली एक मुलगी मागच्याच वर्षी भेटली. नोंदणी साधारण बोर्डाच्या परीक्षेच्या हंगामातच होते, म्हणजे मुली जर्नल पूर्ण करण्यात बुडालेल्या असतात तेव्हा. त्यामुळे ती तारीख लक्षात ठेवण्याचं काम मुलीवर सोडू नका. वर्गशिक्षकांनी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. मी डिसेंबरपासून सीईटी सेलची वेबसाईट दर सोमवारी उघडते. पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझी चूक सांगते

२०१६ सालची गोष्ट. वर्गात एक मुलगी होती. वडिलांची दीड एकर बागायत, ऊस कारखान्याला जायचा, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला. ओबीसी प्रवर्ग. मुलगी अक्षर काढून लिहायची आणि प्रयोगशाळेत बेडकाच्या आकृतीपुढे जास्तच वेळ थांबायची. नर्सच व्हायचं हे तिचं आठवीपासून ठरलेलं. "तरी" वगैरे काही नाही.

तिने जानेवारीत कागदांची फाईल मला दाखवली. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, अधिवास, नॉन क्रीमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रमाने. मी चाळली आणि म्हणाले, "शाब्बास! सगळं आहे."

प्रवेशाची पद्धत तेव्हा आजच्यासारखी नव्हती, पण कागद हेच होते. यादीत तिचं नाव चांगल्या सरकारी कॉलेजला आलं, राखीव जागेवर. कागदपत्रं तपासणीच्या दिवशी तिथल्या बाईंनी नॉन क्रीमीलेअरचा कागद उलटा करून पाहिला आणि परत दिला. तो त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपला होता.

जानेवारीत तो वैध होता. जुलैत नव्हता. मी 'आहे की नाही' एवढंच पाहिलं होतं, 'कधीपर्यंत आहे' हे पाहिलं नव्हतं. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला गेले. पण नवा दाखला म्हणजे उत्पन्नाचे पुरावे, तलाठ्याचा अहवाल, मग अर्ज, मग सही. जो वेळ लागायचा तो लागला. दाखला हातात आला तोवर फेरी संपली होती. खुल्या यादीत तिचा नंबर बराच खाली होता.

तिने जीएनएमला प्रवेश घेतला. मला एका शब्दाने काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी तर उलट पेढे आणून दिले. तो पेढा मला अजून आठवतो.

म्हणून कागदांबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, सहन करा.

नॉन क्रीमीलेअर दाखला ३१ मार्चला संपतो. एक वर्षाचा असो की तीन वर्षांचा. ज्या वर्षी प्रवेश आहे त्या वर्षीच्या मार्चच्या पुढे तो वैध आहे का, हे पाहा. नसेल तर एप्रिल उजाडायची वाट न पाहता चौकशी सुरू करा. आणखी एक गैरसमज आपल्या ऊसपट्ट्यात फार आहे: "यंदा बिल जास्त आलं, आपण क्रीमीलेअरमध्ये जाणार." आई-वडिलांचं शेतीचं उत्पन्न आणि नोकरीचा पगार यांची क्रीमीलेअरच्या आठ लाखांच्या मर्यादेत बेरीज होत नाही. ऊसबिलाला घाबरून दाखलाच न काढणारी घरं मला माहीत आहेत.

जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, ही तर अकरावीतच टाकायची. कॉलेजच्या पत्रासह अर्ज जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो. त्याला वंशावळ लागते आणि जुना पुरावा लागतो. किती जुना? अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा, पणजोबा किंवा चुलत आजोबांची नोंद. आणि ती बहुतेक वेळा कुठे सापडते? प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात! इथे आपल्या शिक्षकांचं काम येतं. जिल्हा परिषद शाळेतल्या बंधूंनो, एखादी आजी नातीला घेऊन दारात आली आणि "आमच्या मालकांचं नाव बघा वो" म्हणाली, तर त्या पिवळ्या पडलेल्या पानात त्या मुलीची चार वर्षं असू शकतात. कुंडल हा जुन्या औंध संस्थानातला भाग. तेव्हाची महसुली कागदपत्रं कुणाला शोधावी लागली तर ती मोडीत असू शकतात. मग मोडी वाचणारा माणूस गाठा, भाषांतर करून घ्या, यात महिना जातो. तो महिना अकरावीत असतो, बारावीत नसतो.

बाकीचे कागद सोपे आहेत, पण नाव! दहावीच्या मार्कलिस्टवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात 'राव' जास्त. एकदा सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि फक्त नावं वाचा. मी आता मुलींना हेच करायला लावते, माझ्या टेबलाशेजारी, चपला काढून.

फीचा मुद्दाही कागदाशीच जोडलेला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली. वैद्यकीय शिक्षण विभागाखालचे अभ्यासक्रमही त्यात आहेत. पण ती सवलत केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्या मुलीला आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठांना व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. "फेऱ्यांची कटकट कशाला, थेट ॲडमिशन करून टाकू" म्हणणारा ओळखीतला कुणी ना कुणी भेटतोच. त्याच्या नादी लागण्याआधी हा हिशोब कागदावर करा. प्रवेश घेण्यापूर्वी त्या कॉलेजचा तो कोर्स महाडीबीटीवर दिसतो का, तेही बघून घ्या.

परीक्षेत काय असतं, आणि मी वर्गात काय करते

शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास, संगणकावर, प्रश्न इंग्रजीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा.

आता हे गणित बघा. आपल्या मुली नीटच्या भीतीने बायोलॉजी पाठ करतात. पण इथे इंग्रजी आणि कल मिळून ४० गुण आहेत, आणि या दोन्हींचा क्लास आपल्या भागात कुणी घेत नाही. इंग्रजीसाठी माझा एकच आग्रह असतो: दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने रोज एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवायचे. व्याकरणाचे नियम नंतर.

'कल' या भागासाठी मी अकरावीला एक तासिका घेते. ती तुम्हीही घेऊ शकता, नर्सिंगला न जाणाऱ्या मुलांनाही आवडते.

सुरुवात फळ्यावरच्या गणिताने. "डॉक्टरांनी ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायला सांगितलंय. सेट असा आहे की २० थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला किती थेंब सोडाल?" हे आपलं साधं त्रैराशिक. ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार ४१.६६, म्हणजे साधारण ४२ थेंब. पण दरवर्षी कुणीतरी तासांची मिनिटं करायला विसरतं आणि उत्तर येतं अडीच हजार! वर्ग हसतो. मग मी घड्याळ लावते आणि म्हणते, चला, मिनिटाला अडीच हजार टिचक्या वाजवून दाखवा. उत्तर आलं की ते शक्य आहे का हे डोळ्यापुढे आणून बघायचं, ही सवय त्या दिवशी लागते. सातवी-आठवीच्या गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. "हे गणित आयुष्यात कुठं लागतं" या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यावं लागत नाही.

मग प्रसंग. एक पेशंट जेवण गार आलं म्हणून आरडाओरडा करतोय, दुसऱ्याला अचानक धाप लागलीय पण तो काही बोलत नाही. आधी कुणाकडे जाल? हे सगळ्यांना येतं. पुढचा प्रसंग अवघड: वॉर्डात तुमच्याच गावचा पेशंट आहे, त्याचा चुलता तुम्हाला ओळखतो आणि विचारतो, "पोरी, रिपोर्ट काय आला गं?" इथे वर्ग गोंधळतो. गावात कुणाला काय आजार झालाय हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेलं असतं, आणि वडीलधाऱ्याला 'सांगता येणार नाही' म्हणणं उर्मटपणा वाटतो. मग आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या करतो आणि हेच वाक्य आदराने कसं म्हणायचं याचा सराव करतो. "काका, ते डॉक्टरांनाच विचारा, मी बोलावू का त्यांना?" हे वाक्य एका मुलीने शोधलं, मी नव्हे.

शेवटचा प्रसंग: तुमच्या हातून चुकीची गोळी दिली गेली, कुणी पाहिलं नाही, पेशंट ठीक दिसतोय. काय कराल? एक मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "काही झालं नाही तर सांगायचं कशाला, मॅडम? नोकरी जाईल." यावर मी लगेच उत्तर देत नाही, वर्गाला भांडू देते. मग सांगते की ताबडतोब सिस्टरना आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण गोळीचा परिणाम दोन तासांनी दिसू शकतो आणि तेव्हा कारण फक्त तुम्हाला माहीत असेल. हल्ली यानंतर मी २०१६ च्या त्या दाखल्याची गोष्टही मुलींना सांगते.

वेळ उरला तर अंजली कुलथे यांच्याबद्दल बोलते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा त्या ड्युटीवर होत्या. त्यांनी वॉर्डाची दारं बंद केली, २० गरोदर बायकांना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल बोलल्या. मुलींना मी विचारते, त्यांनी कुठली गोष्ट आधी केली आणि का? 'कल' याहून वेगळा काय असतो!

नीट नको म्हणणाऱ्या मुलींसाठी

"मला डॉक्टर व्हायचंच नाही, मग नीट कशाला देऊ?" हे अगदी बरोबर वाटतं, पण एक वाट त्यामुळे बंद होते. सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांत बी.एस्सी. नर्सिंगला मुलींना घेतात. देशात अशी सहा कॉलेजं, मिळून २२० जागा. त्यातल्या ४० पुण्याच्या एएफएमसीत आणि ४० मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत. अविवाहित मुलगी, बारावी पहिल्या प्रयत्नात, किमान ५० टक्के, उंची साधारण १५२ सेंटिमीटर, आणि नीटचा स्कोअर. त्यानंतर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणक चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. शिक्षणाचा खर्च सैन्य करतं, बदल्यात सेवेचा बॉण्ड असतो, आणि मुलगी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून रुजू होते.

सातारा-सांगलीत घराघरात फौजी आहेत. मुलाला भरतीसाठी पहाटे पळवणाऱ्या घरात मुलीसाठी ही वाट माहीत नसावी याचं मला नवल वाटतं. देशभरातून २२० जागा म्हणजे चुरस जबरदस्त आहे, हे मुलीला आधीच सांगा. पण नीटचा फॉर्म भरून ठेवायला हरकत काय?

या मुलाखतीत 'नर्सिंगच का?' हे विचारतातच. सगळ्या मुलींचं उत्तर एकच असतं: "मला समाजाची सेवा करायची आहे." मी त्यांना हे वाक्य बंदी घातल्यासारखं टाळायला लावते. त्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांगा. एकीने आजीला दोन वर्षं इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं होतं, जागा बदलत बदलत, वहीत नोंद करून. तिला वाटत होतं हे काय सांगण्यासारखं आहे! परदेशातल्या विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर तिथे असा निबंधच लिहून मागतात, तिथेही इन्सुलिनची वहीच उपयोगी पडते.

पालकांचं म्हणणं

"पेशंटचं हागणं-मुतणं काढायला पोरीला शिकवायचं व्हय?" आणि "रातपाळी असती, लग्नाला अडचण." ही वाक्यं मी ऐकलीत, आणि बोलणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. ही शंका फार जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससून रुग्णालयात मुली, विशेषतः विधवा, नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा शिवाशिवीपासून रात्रीच्या ड्युटीपर्यंत हेच आक्षेप होते.

आपल्याकडे 'मिरजेला नेला' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. डॉ. वानलेस यांच्या दवाखान्यापासून ही शंभराहून जास्त वर्षांची सवय आहे. किर्लोस्करवाडीला, म्हणजे जुन्या कुंडल रोड स्टेशनला, गाडीत बसवून माणसं मिरजेला नेलेल्या पिढ्या आपल्याच घरात आहेत. आणि मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबातले कोरोनाचे पेशंट मिरजेच्या शासकीय रुग्णालयात होते तेव्हा आपण सगळे दारं लावून बसलो होतो. आत कोण होतं, हे मी पालकांना विचारते. बहुतेक जण गप्प होतात. एक आजोबा मात्र म्हणाले, "ते खरं हाय, पण रातपाळीचं काय?" त्यांचंही बरोबर. त्यावर उपाय म्हणजे हॉस्टेल, वाहन आणि सुरक्षेबद्दल कॉलेजात जाऊन प्रत्यक्ष विचारणं. मुलांनाही नर्सिंग करता येतं, एम्सच्या भरतीत २० टक्के पदं पुरुषांना असतात. पण हा प्रश्न मुलाच्या बापाने मला कधी विचारला नाही.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. बी.एस्सी.च्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. ओपीडीच्या वेळी जा. खाटांवर माणसं आहेत का ते पाहा. रिकाम्या वॉर्डात मुलगी चार वर्षं चादरीच्या घड्या घालायला शिकेल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता त्यांच्या वेबसाईटवर तपासा. आणि परराज्यात 'हजर न राहता' कोर्स करून देणाऱ्या एजंटाच्या हातात मूळ कागद देऊ नका. कागद परत मिळवायला लागलेले हेलपाटे मी पाहिलेत.

ती मुलगी

जीएनएम तिने २०१९ मध्ये पूर्ण केलं. नोकरीला लागली आणि वर्षभरात कोरोना आला. पीपीई किटमध्ये आठ-आठ तास. त्या काळात तिने एकदाच फोन केला, तोही माझ्या आईला ऑक्सिजन लागला होता तेव्हा, बोटाला लावायचं मशीन कसं वाचायचं हे सांगायला. मग २०२२ मध्ये नोकरी सोडून पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला गेली. सासरचे काय म्हणाले विचारलं तर हसली फक्त.

२०२५ मध्ये तिने एम.एस्सी. नर्सिंगला अर्ज करायचं ठरवलं. त्याची अट अशी: नर्सिंगच्या पदवीला किमान ५५ टक्के, परिचर्या परिषदेत नोंदणी, आणि किमान एक वर्षाचा अनुभव. बी.एस्सी. थेट केलेल्यांना तो पदवीनंतरचा लागतो, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. त्यामुळे नर्सिंग करणाऱ्या प्रत्येक मुलीला आत्ताच सांगून ठेवा: जिथे काम केलं तिथलं अनुभव प्रमाणपत्र त्याच वेळी घ्यायचं, तारखांसह, खाटांच्या संख्येसह, सही-शिक्क्यासह. पाच वर्षांनी मागायला गेलं तर सही करणारे डॉक्टर बदललेले असतात. प्रवेश पुन्हा सीईटीनेच. जागा थोड्या, आणि बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, सामाजिक आरोग्य, मेडिकल-सर्जिकल अशा विषयांत वाटलेल्या. तिला सामाजिक आरोग्य हवं होतं. पुढे तिला शिकवायचंय.

मेमध्ये एका रविवारी ती घरी आली. सोबत तीच प्लॅस्टिकची पिशवी, आता जाडजूड. "मॅडम, एकदा बघता का?"

मी चष्मा लावला. पिशवीतून नॉन क्रीमीलेअरचा कागद आधी काढला, उलटा करून पाहिला आणि तारीख मोठ्याने वाचली. ३१ मार्च २०२७. मग बाकीचे कागद जमिनीवर मांडले आणि आम्ही दोघींनी नावं वाचायला सुरुवात केली.